घंटा साडेपाचलाच का वाजली?

या वर्षी १ एप्रिलला आमच्या हाउसमध्ये उठण्याची घंटा पहाटे पाचला वाजायला हवी होती. त्या दिवसापासून उन्हाळी वेळापत्रक सुरू होत होते. पाचला उठायचे आणि साडेपाचला पी.टी.साठी मैदानावर फॉल-इन व्हायचे. पण पाचला घंटा वाजलीच नाही. वाजली ती एकदम साडेपाचला. बाकीची हाउसेस मैदानावर रांगेत उभी होती, तेव्हा आमच्यातले निम्मे जण बुटांच्या नाड्या बांधत होते. काहींना तर ही कोणाची तरी एप्रिल फूलची थट्टा वाटली.

आमच्या हाउसची घंटा कोणी हाताने वाजवत नाही. मी नववीत असताना संगणक क्लबमध्ये तिचा प्रोग्राम लिहिला होता. रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्याच्या पानाएवढा एक संगणक कॉमन रूमच्या कपाटात बसवला आहे. ठरलेल्या वेळी तो स्पीकरवर घंटेचा आवाज काढतो. लाइट्स आउटच्या आधी स्पीकरचा स्विच चालू आहे ना, एवढे बघायचे काम ड्युटी कॅडेटचे असते. त्या रात्री ही ड्युटी सातवीतल्या एका मुलाची होती.

चौकशी झाली. मला बोलावले. मी सेटिंगची फाइल उघडून दाखवली. तीत स्पष्ट लिहिले होते : उठणे ५.००, फॉल-इन ५.३०. आदल्या संध्याकाळी मीच ते आकडे बदलले होते. ‘‘सर, प्रोग्राम बरोबर आहे,’’ मी सांगितले. मग सगळ्यांनी सरळ हिशेब केला. पाचची घंटा वाजली नाही, साडेपाचची वाजली. म्हणजे पाचला स्पीकर बंद होता आणि नंतर कोणीतरी तो गुपचूप चालू केला. असे करणारा ड्युटी कॅडेटशिवाय दुसरा कोण असणार? तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘‘सर, स्विच ऑन ही था.’’ संध्याकाळी त्याला मैदानाच्या पाच फेऱ्या माराव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी तो पावणेपाचलाच उठला आणि कपाटासमोर जाऊन बसला. स्पीकरचा लाल दिवा लागलेला होता. पाच वाजले. घंटा वाजली नाही. त्याने धावत येऊन मला उठवले आणि म्हणाला, ‘‘सर, आप खुद देख लीजिए.’’

चूक माझी होती. ती कशी झाली हे समजायला प्रोग्रामची सेटिंग्ज कुठून कुठून येतात हे आधी समजून घ्यावे लागेल. आपल्या शाळेत आता बरेच जण प्रोग्रामिंग शिकत आहेत. माझी चूक तुम्हाला करावी लागू नये म्हणून हा लेख.

सेटिंग म्हणजे काय?

कवायतीत ‘दहिने मुड’ म्हटले की काय करायचे हे ठरलेले आहे. ते मैदान बदलले तरी बदलत नाही. पण कवायत किती वाजता, कोणत्या मैदानावर, कोणत्या गणवेशात, हे दर वेळी वेगळे असू शकते. प्रोग्रामचेही तसेच आहे. ‘वेळ झाली की घंटा वाजव’ हा झाला प्रोग्राम. वेळ कोणती, आवाज किती मोठा, स्पीकर कोणता, ही झाली सेटिंग्ज.

वेळ थेट प्रोग्राममध्येच लिहून टाकली तर काय बिघडते? सुरुवातीला मी तसेच केले होते. पण हाच प्रोग्राम नंतर आणखी दोन हाउसेसनी घेतला. एका हाउसचा स्पीकर वेगळा होता, दुसऱ्यात आजारी मुलांची खोली शेजारीच असल्यामुळे आवाज कमी ठेवायचा होता. मी तीन हाउसेससाठी प्रोग्रामच्या तीन प्रती केल्या. मग एक दोष सापडला की तो तीन ठिकाणी दुरुस्त करावा लागे आणि एक ठिकाण हमखास राहून जाई. तेव्हा आमच्या संगणकाच्या सरांनी सांगितले की प्रोग्राम सगळीकडे एकच ठेव आणि जे बदलते तेवढे बाहेर काढ.

चार जागा

बाहेर काढलेली सेटिंग्ज साधारणपणे चार जागी राहतात. आपल्या शाळेतले आदेश डोळ्यांसमोर आणले तर त्या लगेच लक्षात येतात.

पहिली जागा डिफॉल्टची. कोणी काहीच सांगितले नाही तर काय करायचे, हे प्रोग्राम लिहिणारा आतच लिहून ठेवतो. हे शाळेच्या स्थायी आदेशांसारखे आहे. माझ्या प्रोग्राममध्ये उठण्याची डिफॉल्ट वेळ ५.३० होती.

दुसरी जागा सेटिंगच्या फाइलची. ही साधी मजकुराची फाइल असते. एका ओळीत एक नाव आणि त्याची किंमत. प्रोग्रामला हात न लावता ती कोणालाही उघडून बदलता येते. ही सत्राच्या छापील वेळापत्रकासारखी. हिवाळ्यात एक, उन्हाळ्यात दुसरे.

तिसरी जागा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची. संगणक एखादा प्रोग्राम सुरू करतो तेव्हा त्याच्या हातात चिठ्ठ्यांची एक थैली देतो. प्रत्येक चिठ्ठीवर एक नाव आणि एक किंमत असते. या चिठ्ठ्या म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ही पद्धत आहे आणि आजही लिनक्स, विंडोज, मॅक सगळीकडे चालते. एकाच यंत्रापुरते किंवा काही दिवसांपुरते काही बदलायचे असेल तर ती सोयीची पडते. आपल्याकडे नोटीस बोर्डावर लागणाऱ्या आदेशासारखी. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. थैली प्रोग्राम सुरू होताना एकदाच मिळते. नंतर बाहेर चिठ्ठी बदलली तरी चालू प्रोग्रामला ते कळत नाही. तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

चौथी जागा कमांड लाइनची. प्रोग्राम सुरू करण्याचा हुकूम टाइप करतानाच त्यापुढे सेटिंग लिहायची. ‘आत्ता, या वेळेपुरते असे कर.’ ड्युटी मास्टरांनी समोर उभे राहून दिलेला तोंडी हुकूम म्हणजे हाच.

आता खरा प्रश्न. चारही जागी वेगवेगळी वेळ लिहिलेली असेल तर कोणाचे ऐकायचे?

बहुतेक प्रोग्राम एकच क्रम पाळतात. डिफॉल्ट सगळ्यांत खाली. त्याच्यावर फाइल. फाइलवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. आणि सगळ्यांवर कमांड लाइन. वरच्या जागी काही लिहिलेले असेल तर खालचे झाकले जाते. वर काहीच नसेल तर एक पायरी खाली बघायचे. यात कोणाचा हुद्दा मोठा हे पाहिलेले नाही. जो हुकूम प्रत्यक्ष कामाच्या सर्वांत जवळून आणि सर्वांत अलीकडे दिला गेला, तो चालतो.

गिट नावाचे एक साधन आहे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली ते तयार केले आणि जगभरचे प्रोग्रामर आपल्या कामाच्या नोंदी त्यात ठेवतात. त्याची सेटिंग्जही अशीच पायऱ्यांची आहेत. एक फाइल अख्ख्या यंत्राची, एक तुमच्या खात्याची आणि एक त्या त्या प्रकल्पाची. प्रकल्पाची फाइल खात्याच्या फाइलला झाकते आणि खात्याची यंत्राच्या फाइलला.

जबलपूरची घड्याळे

एकच किंमत अनेक ठिकाणांहून आली की काय होते, याचे सर्वांत चांगले उदाहरण मला संगणकात सापडले नाही. ते आपल्या जबलपूरच्या रेल्वे स्टेशनाच्या इतिहासात सापडले.

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वेची लाइन मार्च १८७० मध्ये जबलपूरला येऊन जुळली आणि मुंबई ते कलकत्ता हा सलग रेल्वेमार्ग तयार झाला. रूळ जुळले, पण घड्याळांचे काय? तेव्हा देशभर एक वेळ नव्हती. प्रत्येक मोठे शहर आपापल्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावी. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे होती आणि कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे. दोघांत एक तासाहून अधिक फरक. एकाच मार्गाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या वेळा. गाडी ‘दहा वाजता’ सुटेल असे सांगितले तर प्रश्न उरायचाच, कोणाच्या घड्याळात?

रेल्वेने यावर तोडगा काढला तो मद्रासच्या वेळेचा. ती ग्रीनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटे, म्हणजे मुंबई आणि कलकत्ता यांच्या जवळजवळ मधोमध. गंमत अशी की जबलपूर आणि मद्रास साधारण एकाच रेखांशावर आहेत. त्यामुळे मद्रासची वेळ आपल्या जबलपूरच्या सूर्याशी एखाद्या मिनिटाच्या फरकाने जुळत होती.

पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास ही भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. पण जुन्या वेळा लगेच गेल्या नाहीत. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत ठेवली आणि मुंबईत तर ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकला. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होता. एकाच शहरात स्टेशनाचे घड्याळ एक सांगे आणि महापालिकेचे दुसरे. माझ्या पणजोबांच्या काळातली एक लग्नपत्रिका घरी जपून ठेवलेली आहे. तीत मुहूर्ताच्या वेळेपुढे ‘स्टँ. टा.’ असे छापलेले आहे. लहानपणी मला ते एखाद्या पाहुण्याचे आडनाव वाटायचे. ते ‘स्टँडर्ड टाइम’चे लघुरूप आहे हे आजोबांनी सांगितले. लग्न लावणाऱ्यांनी नुसती वेळ लिहिली नाही, ती वेळ कोणाची तेही लिहिले. कारण पाहुणा बॉम्बे टाइम धरून निघाला असता तर अक्षता पडून गेल्यावर पोचला असता.

माझ्या प्रोग्राममध्ये नेमके हेच नव्हते. वेळ होती, पण ती कोणाची हे लिहिलेले नव्हते.

चूक कशी झोपून राहिली

आता माझी चूक सांगतो. जानेवारीत जबलपुरात कडाक्याची थंडी पडली होती. नोटीस बोर्डावर आदेश लागला की पंधरा दिवस पी.टी. बंद राहील आणि उठण्याची घंटा साडेपाचऐवजी सहाला वाजेल. पंधरा दिवसांसाठी फाइल कशाला बदलायची, असा विचार करून मी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरले. संगणक चालू झाला की प्रोग्राम आपोआप सुरू व्हावा म्हणून एक छोटी सूचना-फाइल असते. तीत मी दोन ओळी घातल्या. एकीत ‘उठणे ६.००’ आणि दुसरीत फॉल-इनची घंटा बंद.

पंधरा दिवस संपले. फॉल-इनची ओळ मी पुसली. उठण्याची ओळ मात्र पुसण्याऐवजी तिच्यातला आकडा बदलून ५.३० केला. घंटा पुन्हा साडेपाचला वाजू लागली. सगळे पूर्ववत झाले असे मला वाटले.

खरे तर पूर्ववत झाले नव्हते. आता ५.३० हा आकडा तीन जागी होता. प्रोग्रामच्या आत, फाइलमध्ये आणि व्हेरिएबलमध्ये. तिन्हीकडे तोच आकडा असल्यामुळे कोण बोलते आहे हे कळायला मार्गच नव्हता. फेब्रुवारी आणि मार्च असे दोन महिने ती चूक झोपून राहिली. ३१ मार्चच्या संध्याकाळी मी फाइलमध्ये ५.०० लिहिले आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. फाइलच्या वर बसलेल्या व्हेरिएबलने ते झाकून टाकले. फॉल-इनच्या ५.३० ला झाकणारे काही नव्हते, म्हणून तो आकडा चालला. सकाळी साडेपाचला उठण्याची आणि फॉल-इनची अशा दोन्ही घंटा एकदम वाजल्या आणि सगळ्यांना ती एकच वाटली.

मी चौकशीत फाइल दाखवली तेव्हा खोटे बोललो नव्हतो. पण मी चुकीच्या साक्षीदाराला विचारले होते. फाइलमध्ये काय लिहिले आहे आणि चालू प्रोग्रामने काय धरले आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी पहिल्याचे उत्तर दुसऱ्याचे म्हणून सांगितले आणि त्या उत्तरावर सातवीतला एक मुलगा दोषी ठरला.

२ एप्रिलला नाश्त्याआधी मी हाउस मास्टर सरांकडे जाऊन सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि रोल कॉलच्या वेळी सर्वांसमोर तेच सांगायला लावले. मी सांगितले आणि त्या मुलाची माफी मागितली. त्याच्या नावावरची शिक्षा खोडली गेली. पण त्याने मारलेल्या फेऱ्या काही परत घेता येत नाहीत. मला वाटले होते मला रगडा मिळेल. सर म्हणाले, ‘‘यापुढे घंटा चुकली तर कोणाला विचारायचे हे मला कागदावर लिहून दे आणि तो कागद कपाटाच्या दाराला लाव.’’ तो कागद लिहायला मला फेऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. पुढचे बहुतेक मुद्दे त्याच कागदावरचे आहेत.

काय शिकलो

पहिले म्हणजे क्रम लिहून ठेवावा. सेटिंग्ज चार जागी असण्यात चूक काही नाही. प्रत्येक जागेचा उपयोग आहे. पण कोण कोणाला झाकतो हे एका ठिकाणी, सगळ्यांना दिसेल असे लिहिलेले हवे.

दुसरे, प्रोग्रामला आपली सेटिंग्ज सांगता आली पाहिजेत आणि प्रत्येक किंमत कुठून आली तेही. गिटमध्ये यादी मागताना ‘शो-ओरिजिन’ असे जोडले की प्रत्येक सेटिंगपुढे ती कोणत्या फाइलमधून आली हे छापले जाते. मीही तसेच केले. आता आमचा प्रोग्राम सुरू झाला की स्क्रीनवर असे लिहितो :

उठणे : ५.०० (फाइल)
फॉल-इन : ५.३० (फाइल)
आवाज : ७० (व्हेरिएबल, फाइलमधले ८० झाकले)
लाइट्स आउट : १०.०० (डिफॉल्ट)

कंसातला तो शब्द म्हणजे पत्रिकेतले ‘स्टँ. टा.’. ही यादी ३१ मार्चला असती तर ‘उठणे : ५.३० (व्हेरिएबल, फाइलमधले ५.०० झाकले)’ ही ओळ मला तेव्हाच दिसली असती आणि पुढचे काहीच घडले नसते.

तिसरे, तात्पुरती गोष्ट काढून टाकावी, जुन्या आकड्यासारखी करून ठेवू नये. नोटीस बोर्डावरच्या थंडीच्या आदेशात पंधरा दिवसांची मुदत होती. माझ्या व्हेरिएबलला मुदत नव्हती. आता मी अशा प्रत्येक ओळीवर कधी घातली, का घातली आणि कधी काढायची ते लिहितो.

चौथे, व्हेरिएबलमध्ये जे असते तो नुसता मजकूर असतो, आकडा किंवा हो-नाही नसते. थंडीच्या पहिल्याच दिवशी मी याला फसलो होतो. फॉल-इनची घंटा बंद करायला मी ‘फॉल्स’ असे लिहिले होते, म्हणजे ‘नाही’. पण पायथन भाषेत कोणताही रिकामा नसलेला मजकूर ‘हो’ धरला जातो. ‘फॉल्स’ हा शब्दही रिकामा नाही. म्हणून माझे ‘नाही’ प्रोग्रामने ‘हो’ समजले आणि पी.टी. नसतानाही फॉल-इनची घंटा वाजली. मजकूर वाचून त्याचा अर्थ आपणच नीट तपासून घ्यावा लागतो.

पाचवे, झाकणे म्हणजे किती झाकणे, हे ठरवावे. समजा नोटीस बोर्डावर लागले की रविवारी नाश्त्याला पोहे. याचा अर्थ रविवारी दुपारचे आणि रात्रीचे जेवण नाही, असा आपण घेत नाही. नाश्त्याची एक ओळ बदलली, बाकी मेनू तोच. पण काही प्रोग्राम वरच्या जागी अर्धीच यादी दिली तर खालची पूर्ण यादी टाकून देतात. आपला प्रोग्राम ओळ बदलतो की यादी बदलते, हे करून बघावे.

सहावे, पासवर्ड सगळ्यांना वाटल्या जाणाऱ्या फाइलमध्ये लिहू नये. ती फाइल प्रोग्रामबरोबर मित्रांकडे जाते आणि पासवर्डही जातो. तो त्या यंत्रावरच, वेगळा ठेवावा. आणि आपली यादी छापताना पासवर्ड छापला जाणार नाही हेही बघावे.

सातवे, सगळेच झाकता येऊ नये. स्थायी आदेशांतल्या काही गोष्टी ड्युटी मास्टरही बदलू शकत नाहीत. तसे काही आकडे प्रोग्राममध्येच पक्के ठेवावेत. आजारी खोलीशेजारच्या हाउसमध्ये आवाजाची कमाल मर्यादा मी आतच बांधून टाकली आहे. बाहेरून कोणी कितीही लिहिले तरी घंटा त्याहून मोठ्याने वाजत नाही.

आठवे आणि सर्वांत महत्त्वाचे. अत्यावश्यक सेटिंग सापडली नाही तर प्रोग्रामने अंदाजाने पुढे जाऊ नये. सुरू होतानाच थांबावे आणि ओरडून सांगावे. घंटेच्या बाबतीत हे फार मोठे वाटणार नाही. पण ९ मे २०१५ रोजी स्पेनमध्ये सेव्हिलजवळ एअरबस ए-४०० एम हे सैन्यासाठी बनवलेले नवे वाहतूक विमान पहिल्याच चाचणी उड्डाणात कोसळले. विमानात सहा जण होते, त्यांतले चौघे गेले. तपासात असे आढळले की चारपैकी तीन इंजिनांच्या नियंत्रण संगणकांतली एक माहिती सॉफ्टवेअर भरताना पुसली गेली होती. इंजिन किती जोर लावते आहे हे मोजण्यासाठी लागणारे ते आकडे होते. इंजिने मोडली नव्हती. संगणकांना आपल्या सेटिंग्जशिवाय इंजिनांचे मोजमाप समजत नव्हते. विमान धावपट्टीवर उभे असतानाच ही उणीव कोणाला दिसली असती तर ते उडालेच नसते. आपल्यापैकी बरेच जण उद्या विमान, जहाज किंवा रणगाडा चालवणार आहेत. त्या प्रत्येकात अशी सेटिंग्ज असतील आणि ती कोणीतरी भरलेली असतील.

शेवटी

आमच्या कपाटाच्या दारावर आता दोन कागद आहेत. एकावर चार जागा आणि त्यांचा क्रम आहे. दुसऱ्यावर एकच ओळ आहे : घंटा चुकली तर आधी यादी छापा, मग माणसाला विचारा.

दुसऱ्या कागदावरचे अक्षर माझे नाही. ते त्या सातवीतल्या मुलाचे आहे. तो आता संगणक क्लबमध्ये येतो आणि वेळापत्रक बदलण्याच्या आदल्या संध्याकाळी यादी छापून तपासण्याचे काम त्याने स्वतःहून घेतले आहे. १ नोव्हेंबरला हिवाळी वेळापत्रक लागेल तेव्हा फाइल मी बदलीन आणि यादी तो वाचेल. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय लाइट्स आउट होणार नाही, असे आम्ही ठरवले आहे.